भिंतीकडे तोंड करून

सुरुवातीलाच माफी मागतो. परब मॅडमबद्दल लिहिण्याचा हक्क त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांचा आहे. मी त्यांच्या एका पेशंटचा मुलगा, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला, एवढीच माझी ओळख. पण त्यांना जाऊन काही आठवडे झाले आणि त्यांचे सहकारी अजून वॉर्डांतून बाहेर पडलेले नाहीत... म्हणून मी लिहितो आहे.

घाटकोपरच्या टेकडीवर आमची एक खोली. पहिल्या लॉकडाऊनमध्ये पप्पांची रिक्षा उभी राहिली आणि पप्पाही थांबल्यासारखे झाले. झोप गेली, बोलणं गेलं. एक दिवस भात कालवता कालवता म्हणाले, "माझ्यावाचून तुमचं काय अडणार नाय." तेव्हापासून आई त्यांना एकटं सोडेना. जवळच्या हॉस्पिटलात चौकशी केली, तर तिथला मानसोपचार विभाग बंद करून कोरोनाचे बेड टाकले होते. तिथल्या समुपदेशक परब मॅडम आता स्वतःच्या मोबाइलवरून पेशंटशी बोलत. पण बायको-मुलांनी भरलेल्या एका खोलीत पप्पा बोलणार काय? मॅडमनी ते पहिल्याच फोनला ओळखलं. पप्पा सावंतवाडीकडचे, हे कळल्यावर स्पीकरवर मॅडमचा आवाज मालवणीत आला, "भाऊ, घरात सगळी आसत मा? मगे तुमी नुसता होय-नाय म्हणा. बाकीचा मी बोलतंय." मग मला म्हणाल्या, "आणि तू रे, स्पीकर बंद कर, टीव्ही मोठा कर. कान पण टीव्हीकडेच ठेव, काय!"

त्यानंतर दर गुरुवारी पप्पा मोबाइल कानाला लावून भिंतीकडे तोंड करून बसायचे. होय. नाय. होय... आम्ही मालिका बघत असल्याचं नाटक करायचो. त्या दोन शब्दांवर मॅडमनी माझ्या बापाला धरून ठेवलं. दुकानात गोळ्या मिळेनात तेव्हा मॅडमनी मुलुंडच्या आपल्या घरून कुणाच्या तरी हाती पाठवल्या. रिक्षा पुन्हा रस्त्यावर आली, तरी गुरुवार चालूच राहिला.

दुसऱ्या लाटेत त्यांचा आवाज खरवडल्यासारखा झाला. बरोबरचे आजारी पडले, त्यांचे पेशंटही यांच्याकडे आले. घरात म्हातारी आई, म्हणून त्या जिन्यात बसून बोलायच्या. मी एकदा विचारलं, "मॅडम, तुमचं कोण ऐकतं?"

"गप रे, मोठा आलास मला विचारणारा," त्या हसल्या. मग म्हणाल्या, "मी विभागातल्या ज्या सरांशी बोलायचे ना, ते व्हेंटिलेटरवर आहेत."

एका गुरुवारी फोन आलाच नाही. मीच लावला. "थोडा ताप आहे, होईल बरं," एवढंच तुटक उत्तर. मागे त्यांच्या आईंचा आवाज येत होता. मी म्हणालो, "मॅडम, आई शेजारीच आहेत ना? नुसतं होय-नाय म्हणा."

"होय."

"धाप लागते?"

"होय."

"बेड मिळाला?"

"नाय."

"कुणी येतंय का मदतीला?"

"नाय."

"भीती वाटते?"

धापेतूनच आलं, "होय."

मी पप्पांना सांगेपर्यंत त्यांनी चपला घातल्या होत्या. मॅडमना रिक्षात बसवून आम्ही मुलुंड, भांडुप, विक्रोळी अशी एकेक हॉस्पिटलं पालथी घातली. प्रत्येक गेटवर तेच, बेड नाही, पुढे बघा. पप्पा गाडी चालवता चालवता सारखं विचारत होते, "मॅडम, आसात मा?" मागून, माझ्या खांद्यावर डोकं टेकलेल्या मॅडमचा, प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक आवाज यायचा. "होय." शेवटी चेंबूरला एका ठिकाणी त्यांना आत घेतलं. आम्हाला दाराबाहेरच थांबवलं.

पुढच्या गुरुवारी फोन येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ठरल्या वेळी पप्पा मोबाइल घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मी सवयीने टीव्ही मोठा केला. आणि फोन वाजला. मॅडमचाच नंबर! पलीकडे त्यांची आई होती, हे नंतर कळलं.

"होय," पप्पा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "होय." मग त्यांनी हळूहळू कपाळ भिंतीला टेकवलं आणि म्हणाले, "नाय. नाय. नाय."

आईने उठून टीव्ही बंद केला.