हिरव्या ठिपक्याचा सेंट

“बघू दे जरा. लिंकनसाहेब कुठे पळून चाललेत?”

आर्लिस ट्वेटचं हे वाक्य एल्म प्रेअरी या अमेरिकन गावात लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. दुकानात सुटे पैसे परत मिळाले की ती ते पाकिटात टाकायची नाही. आधी त्यातले सेंट, म्हणजे लिंकनचं चित्र असलेली डॉलरच्या शंभराव्या भागाची नाणी, वेगळे काढायची, गळ्यातल्या दोरीचं भिंग डोळ्याला लावायची, आणि मागची रांग चुळबुळू लागली की हे वाक्य बोलायची. रांगेतली निम्मी माणसं लहानपणी तिच्याच बसमधून शाळेला गेलेली. एकतीस वर्षं तिने ती बस चालवली. तिच्यापुढे गप्प बसायची त्यांना जुनी सवय होती.

चौकातलं हार्डवेअरचं दुकान मायलो केसेनिकचं. गावच्या नाणी मंडळाचा अध्यक्षही तोच. मंडळ म्हणजे सात माणसं, चर्चच्या तळघरातलं लांब टेबल, कॉफी आणि रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या. मायलो चांदीचे डॉलर जमवायचा. सेंटचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. “रस्त्यात पडलेला दिसला तरी ज्याच्यासाठी कुणी वाकत नाही, तो भिंगातून काय बघायचा?” असं तो म्हणे.

दोन वर्षांपूर्वी आर्लिसने मंडळात एक सेंट आणला. ज्या साली ती पहिल्यांदा बस चालवायला बसली, त्याच सालचा. त्यावरच्या ‘लिबर्टी’ या शब्दाचं प्रत्येक अक्षर दुहेरी दिसत होतं. तिचं म्हणणं, नाणं छापायचा साचा घडवतानाच त्यावर ठसा दोनदा आणि जरा सरकून बसला असला पाहिजे. असे साचे क्वचित निसटतात आणि त्यांची नाणी लाखांत एखादी सापडते. नाणं झिजलेलं होतं. ते दूरच्या एका जाणकाराकडे पाठवलं. त्याचं उत्तर आलं: साच्याचा काही संबंध नाही, छापताना यंत्राला धक्का बसला असावा.

ते पत्र मायलोने मंडळात मोठ्याने वाचलं. घडी घालताना म्हणाला, “ट्वेटबाई, बसला धक्का बसला की आरशातही दोन गाड्या दिसतात.” सगळे हसले. मायलोला ते हसू त्या दिवशी गोड लागलं होतं.

आर्लिस हसली नाही. म्हणाली, “धक्का दोनदा सारखा बसत नाही, मायलो. साचा असेल तर त्याने लाखो नाणी छापलीत. त्याच साच्याचं दुसरं मिळालं की माझं खरं. नाही मिळालं तर मी चूक.”

पुडकी चाळायचा तिचा नाद जुनाच होता; तेव्हापासून ती त्यांत हे दुसरं शोधत होती. गावच्या बँकेतून ती पन्नास-पन्नास सेंटांची पुडकी आणायची, स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून एकेक नाणं बघायची आणि सगळी नदीपलीकडच्या बँकेत परत द्यायची. जिथून आणायचं तिथे परत द्यायचं नाही, नाहीतर आपलीच पाहिलेली नाणी पुन्हा आपल्याच दारात येतात. तरीही एखादं पुडकं फिरून आलंच तर ओळखू यावं, म्हणून प्रत्येक पुडक्यात एका सेंटवर ती हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. ही रीत तिने अकरा वर्षं पाळली होती. हिरवा ठिपका म्हणजे पाहिलेलं. त्याच्याकडे ती पुन्हा वळून बघत नसे.

मार्चमधल्या एका सकाळी गल्ला उघडताना मायलोच्या बोटाखाली असाच एक ठिपका आला. “तुझं पोर घरी आलंय,” असं तिला चिडवायचं म्हणून त्याने तो सेंट वेगळा काढला. साल बघितलं. तेच साल. नुसतं गंमत म्हणून त्याने डॉलर बघायचं भिंग उचललं.

आणि त्याचा हात थांबला.

‘लिबर्टी’ची अक्षरं इथेही दुहेरी होती. धक्क्याने होतात तशी चपटी, फरफटलेली नव्हे. दोन्ही अक्षरं भरीव, गोलसर, आणि कोपऱ्यात पाकोळीच्या शेपटीसारखी दुभंगलेली. लिंकनच्या हनुवटीखाली केसाएवढी एक उभारलेली रेघ होती. नाण्याला ओरखडा पडला तर खाच पडते. साच्याला पडला तरच नाण्यावर रेघ वर उठते. चाळीस वर्षं नाणी हाताळलेल्या मायलोने भिंग पुसून पुन्हा लावलं.

त्याने फोन लावला. “आर्लिस, ये. तुझा सेंट घेऊन ये.”

“का रे? पत्र परत वाचायचंय?”

“ये गं बाई. लवकर ये.”

ती आली. काउंटरवर खिळ्यांचे डबे बाजूला सारून त्याने दोन्ही नाणी शेजारी ठेवली. तिने भिंग लावलं. हनुवटीखालची रेघ, इथेही आणि तिथेही. तीच लांबी, तोच कल. एका साच्याखालून निघालेली ही दोन भावंडं. किती खिशांतून, किती गावांतून गेली असतील, आणि आज एका काउंटरवर वीतभर अंतरावर पडली होती. आर्लिस आळीपाळीने दोन्ही नाण्यांवर भिंग फिरवत राहिली. देवळात असावं तसं दोघांना वाटत होतं.

मग आर्लिसला ठिपका दिसला.

“हा माझा रंग.”

“तुझाच. तुझ्या हातून गेलाय.”

“शक्य नाही. मी पाहिलं असतं.” ती रंगाच्या डब्यावर बसली. मग हळूच म्हणाली, “पहिला.”

“काय पहिला?”

“ठिपका सुकायला वेळ लागतो रे. म्हणून पुडकं फोडलं की हाताला येईल तो पहिला सेंट रंगवायचा आणि खिडकीत ठेवायचा. मग उरलेले एकोणपन्नास बघायचे.”

“आणि तो पन्नासावा?”

“सुकला की न बघताच पुडक्यात.” तिने कपाळाला हात लावला. “अकरा वर्षं, मायलो. प्रत्येक पुडक्यातला एक.”

टोमणा मायलोच्या अगदी ओठांवर आला होता. तो त्याने गिळला. “मंगळवारी मंडळात पत्र वाचतो,” तो म्हणाला. “या वेळी माझं. तू खरी होतीस असं लिहिलेलं.” मग उगीच सावरून घेत, “तो रंग काढून देऊ का? दुकानात औषध आहे.”

“हात लावून बघ!” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “राहू दे. तोही त्याचा प्रवासच आहे.”

ती उठली. नाणी तिथेच, त्याच्या भरवशावर.

“निघालीस कुठे?”

“नदीपलीकडे. त्या बँकेत अकरा वर्षं नुसतं देत आले. एकदाही मागितलं नाही. माझे ठिपकेवाले, न बघितलेले सेंट तिथेच पडले असतील.”

बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. कोटाची बटणं न लावताच ती पुलाच्या दिशेने चालू लागली, बस चालवायची तशी संथ, ताठ. मायलो खिडकीशी उभा राहिला. काउंटरवर रंगाचा डबा घेऊन एक गिऱ्हाईक ताटकळत होतं, तेही बघू लागलं. तिची लाल टोपी पूल ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत दोघांपैकी कुणी हललं नाही.