मेन पाडला तरी पट्टा चालूच होता

मी खामगावात मोटर रिवाइंडिंग करतो. विहिरीवरच्या पंपांच्या जळलेल्या मोटरी दुरुस्त करतो. करंट असला की मोटर फिरते, नसला की थांबते, एवढाच माझा देवधर्म. भुताखेतावर विश्वास असता तर तांब्याच्या तारेऐवजी लिंबू-मिरच्या विकत बसलो असतो. म्हणून सांगतोय ते खोटं वाटलं तर वाटू द्या, मला फरक पडत नाही.

माझी धाकटी बहीण रेखा. लग्न ठरलं होतं, त्याआधी वजन कमी करायचं म्हणून बाजारापलीकडच्या एका जिमला जायची. तिथलं वायरिंग मीच केलेलं. ट्रेनरचं नाव मंगेश. वजनं उचलून चरबी लवकर उतरेना, तर त्याने वर हाय इंटेन्सिटी कार्डिओ जोडलं — ट्रेडमिलवर तीस सेकंद जीव खाऊन पळायचं, तीस सेकंद चालायचं, पुन्हा पळायचं. तोवर नवरात्र लागलं. रेखाचा नऊ दिवस कडक उपवास, शिवाय पायात काही घालायचं नाही असं व्रत. माय म्हणाली, नऊ दिवस जिम राहू दे. तर रेखा म्हणे, "सर म्हणतात, उपाशीपोटी चरबी दुप्पट जळते." म्हणजे ही पोरगी नुसत्या पाण्यावर, अनवाणी, त्या पट्ट्यावर पळत होती. तळव्यांना फोड आले होते. सातव्या माळेला सकाळी तिथेच कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत गेली.

आणि हा मंगेश गावभर काय सांगत फिरला? पोरीचं हार्टच वीक होतं, लग्न मोडू नये म्हणून घरच्यांनी लपवलं. चोराच्या उलट्या बोंबा... माझ्या मायने घराबाहेर पडणं सोडलं. मला त्याचा जीव नको होता — छे, खरंच सांगतो, हवा होता. पण त्याआधी त्याने चारचौघांत कबूल करावं, हे हवं होतं.

तेरवी झाल्यावर एका सकाळी मी जिममध्ये गेलो. दहा-बारा जण व्यायाम करत होते. मंगेश म्हणाला, "भाऊ, तुमचं दुःख समजते मले. पण या एक्सरसाइजनं कोणी मरत नाही."

"मंग पळून दाखव. तिले पळवलं तसंच."

सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? चढला. मी दाराजवळ मेन स्विचपाशी जाऊन उभा राहिलो. आता लपवत नाही — तो फुल स्पीडला आला की मेन पाडायचा, पट्टा झटक्यात थांबेल आणि हा तोंडावर आपटेल, असा माझा डाव होता.

चौथ्या फेरीत मी मेन पाडला. लाइट गेले, गाणी बंद, पंखे मंदावले... पट्टा चालूच. इन्व्हर्टर तिथे नाही, फिटिंग माझंच आहे. जिमच्या मालकाने धावत जाऊन ट्रेडमिलचा प्लग उपटला. प्लग त्याच्या हातात, आणि पट्टा अजून वेग घेतोय! मोटरीचा आवाज नाही, नुसते मंगेशचे पाय वाजत होते. सगळे म्हणत होते उडी मार, पण त्याला पाय बाजूला टाकताच येईना. रडायला लागला. तळवे जळून राह्यले म्हणाला. पायात तर चांगले जाड बूट होते.

मी जवळ गेलो. हात द्यायला नाही. म्हटलं, "बोल."

"मीच पळवलं तिले," तो धापा टाकत म्हणाला. "चक्कर येते म्हणत होती. मीच म्हटलं, थांबू नको. हार्टचं मी खोटं सांगतलं."

पट्टा थांबला. तो तिथेच खाली बसला. बूट काढले तर दोन्ही तळवे फोडांनी भरलेले.

मालकाने ती मशीन मलाच उघडायला लावली. वाइंडिंग, वायरी, कार्ड, सगळं ठणठणीत. पंधरा वर्षं हेच काम करतोय, पण मला त्यातलं अजून काही कळलेलं नाही. मंगेश गाव सोडून गेला. माय पुन्हा भाजीला बाजारात जाते. लोक म्हणतात, रेखाला शांती मिळाली. मिळाली असेल. मला नाही मिळाली. त्याने इतक्या लवकर कबूल करायला नको होतं.