दाढेला पाणी मारलं तो दिवस

मी गवंडी. शाळा दुसरीपर्यंत, पण ओळंबा हातात धरला की शिकलेले इंजिनिअरसुद्धा माझ्यापुढं गप राहायचे. कामातलं मला कुणी शिकवायला लागलं की मी ऐकत न्हाई. आता तर बिलकुल न्हाई.

उजव्या दाढेला किडीनं हरभऱ्याएवढा खड्डा पाडल्ता. चार महिने त्यात लवंग कोंबून राह्यलो. नातीची सोयरीक पक्की करायला पाहुणे यायचे, नेमका त्याच सकाळी ठणका सुरू झाला. आमच्यात थोरल्या माणसानं तोंडानं 'दिली' म्हटल्याबिगर सुपारी फुटत न्हाई. सून म्हणाली, मामा, असं गाल धरून बसणार का पाहुण्यांत? मंग लेकानं मोटारसायकलवर घालून नवीन जालन्याला नेलं.

डॉक्टरीणबाई नातीच्याच वयाची. तिनं मशीननं खड्डा खरवडून साफ केला. बराबर. जुना पोपडा काढल्याबिगर नवा माल धरत न्हाई. मंग काचेवर पांढरी पावडर घेतली, दोन थेंब औषध टाकलं न् इवल्याशा पट्टीनं घोटायला लागली. मी आ करून पडल्तो, पण जीव हरखून गेला. हा तर आपलाच धंदा. तिनं माल भरला, दाबला, सपाट केला. उठून पाठ थोपटावी वाटली.

निघताना म्हणाली, तासभर काही खाऊ-पिऊ नका. इथं मात्र पोरगी चुकली. ताज्या कामाला पाणी न्हाई मारलं तर तडे जातात. मी मान डोलवली, खाली येऊन पाण्याची बाटली घेतली न् तोंड भरलं. पाणी कोमट झालं की थुंकायचं, नवं भरायचं. पार आमच्या हसनाबादपर्यंत गाल फुगवून बसलो. लेक पुसायचा, दुखतंय का? मी हूं करायचो.

घरी पाहुणे येऊन बसलेले. नवरदेवाचा आजा पांढरा फेटा बांधून माझ्या समोर. लेकानं दाढेचं सांगितलं, मी भरल्या तोंडानं हात जोडले. चहा होऊ द्यावा, मंग मोरीत थुंकून झोकात बोलावं, असा माझा बेत. पण मी पोह्याला हात लावीना, चहा घेईना, बोलेना. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, दाढेचं नुसतं निमित्त तर न्हाई?

आजा म्हणाला, "पाव्हणं, मनात काही असंल तर आत्ताच सांगा. मागून नको."

मी जोरात मान हलवली. उभी का आडवी, माझं मलाच समजलं न्हाई. आजानं काठी उचलली, बाकीचेही उठले. दाराआड नात उभी होती. पोरगा तिच्या मनात भरलेला, घरात सगळ्यांना ठाऊक. तिचा चेहरा बघितला न् दाढ गेली खड्ड्यात, मनात म्हणालो. पाणी गिळायला गेलो, घाईत उलटं झालं. सगळा फवारा आजाच्या फेट्यावर.

"दिली," मी ठसकत म्हणालो. "पोरगी दिली."

आजा मिशा निथळत उभा. मला खरं ते सांगावं लागलं, की दाढेला पाणी मारून राह्यलो.

त्यानं विचार केला. "किती दिवस मारायचं?"

"सात."

"मंग लग्न आठव्या दिवशी धरू. तवर तुम्ही समोर बसू नका."

आधी सून हसली, मंग सगळं घर. आजा तर पोट धरून खालीच बसला. नात टॉवेल घेऊन पळत आली, अन् भिजला होता आजा, पण तोंड तिनं माझंच पुसलं.