पोपट, रेडा आणि गितेभाऊ

आमच्या कंपनीच्या बसमध्ये किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. तळवड्याच्या सिग्नलला आणि महाळुंग्याच्या चौकात रोज जे ताटकळत बसावं लागतं, त्यात ते आपोआप होतात. शेजाऱ्याशी राजकारणावर भांडून झालं, एक डुलकी काढून झाली, मोबाइल बघून डोळे चुरचुरले, की माणूस काहीतरी उद्योग शोधतोच. रिकाम्या न्हाव्यानं भिंतीला तुंबड्या लावल्या म्हणतात. आमच्या मागच्या बाकड्यानं गेमिंग कन्सोल आणले.

पहिला आणला सातपुतेनं. हा संत तुकाराम नगरला चढतो, क्वालिटीत आहे. त्याचं मशीन जपानी, चपटं, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळं. महिन्याभरात प्राचीनं दुसरा आणला. ही निगडीची, डिझाइनला असते. तिचं मशीन काळं, भलंमोठं, आणि तिच्या सांगण्यानुसार तो गेम खेळायचा डबा नसून अख्खा कॉम्प्युटर आहे. दोन्ही हातात धरून खेळायचे, पण एकाची भक्तमंडळी दुसऱ्याच्या वाऱ्याला उभी राहत नाही. आमचे ड्रायव्हर काळोखेमामा मूळचे चिखलीचे. त्यांनी आरशातून एकदाच मागे बघितलं आणि बारसं करून टाकलं. "ह्यो पोपट, आन् त्यो रेडा."

माझ्याकडे दोन्हींपैकी काहीच नाही. मी प्लॅनिंगला आहे. दुसऱ्याच्या कामावर मत देणं हाच माझा धंदा.

आणि चौथे आमचे गितेभाऊ. मेंटेनन्सला आहेत, रहाटणीला चढतात. मूळचे अहमदपूरकडचे. त्यांना या दोन्हींपैकी एक विकत घ्यायचा होता, मुलीसाठी. कोणता, ते ठरत नव्हतं. म्हणून मग सगळी तुलना सुरू झाली, आणि तुलना म्हटल्यावर आमची बस पेटली.

*

तुलना करायची तर शास्त्रशुद्ध, असं सातपुतेचं म्हणणं. हा माणूस घरी भाजीवाल्याकडची काकडीसुद्धा लांबी-व्यास बघून घेतो. त्यानं एके दिवशी दोन्ही मशीन आत नेली आणि लंच टाइममध्ये इन्स्पेक्शनच्या टेबलावर मांडली. रेडा काट्यावर ठेवला, वजन घेतलं. पोपटाची मापं घ्यायला व्हर्नियर लावला. एवढ्यात त्यांचे साहेब आले.

साहेबांनी पोपट उचलला, उलटा केला, बटणांच्या फटीत नख घालून बघितलं आणि विचारलं की हा कुठल्या गाडीचा पार्ट. सातपुते घाबरून म्हणाला, सॅम्पल आहे सर. साहेबांनी ड्रॉइंग मागितलं. ड्रॉइंग कुठून देणार? साहेबांनी पोपटावर लाल टॅग बांधला आणि रिजेक्शनच्या पिंजऱ्यात टाकून कुलूप लावलं. पोपटानं आख्खी दुपार फाटक्या गॅस्केटांच्या शेजारी काढली.

संध्याकाळी निगडीला उतरताना प्राची पायरीवर थांबून म्हणाली, "सातपुते, तुमच्या साहेबांना पारख आहे हो."

*

गेटवरचे सिक्युरिटीवाले पाटीलमामा. एकदा त्यांनी प्राचीची बॅग उघडायला लावली आणि रेडा बाहेर निघाला. प्राचीला आयताच श्रोता मिळाला. तिनं पडदा दाखवला, रंग दाखवले, एका गेममधल्या दरीत उतरून तिथलं गवत वाऱ्यावर कसं हलतं तेही दाखवलं. मागे पंधरा-वीस माणसं खोळंबली. पाटीलमामांनी सगळं मन लावून बघितलं आणि विचारलं, "यात साप आहे का? जुन्या फोनमध्ये असायचा तो?"

प्राची म्हणाली, तो नाही.

"मग एवढा मोठा कशाला घेतला?"

*

बॅटरीचा निकाल लागायचा राहिला होता. तो महाळुंग्याच्या अलीकडे लागला. पुढे एक ट्रेलर आडवा झाला आणि रस्ता दोन्हीकडून बंद. काळोखेमामांनी इंजिन बंद केलं. सातपुते आणि प्राचीनं ठरवलं की आता होऊनच जाऊ दे, कुणाचं मशीन आधी मान टाकतं ते बघू. रेड्यानं लवकर टाकली. प्राची म्हणाली की हे धरायचं नाही, सकाळी पूर्ण चार्ज नव्हता. मग तिनं मामांच्या मागच्या सॉकेटमध्ये वायर घातली. तिचा चालू होतो तर माझा का नाही, म्हणून सातपुतेनंही घातली. मग कुणीतरी फोन लावला. मग मीही लावला, उगाच खोटं कशाला बोला.

ट्रेलर हलला, रस्ता मोकळा झाला, मामांनी चावी फिरवली आणि बस नुसती खोकली.

बसची बॅटरी कमजोर झालीय हे मामा ट्रान्सपोर्टवाल्याला कधीपासून सांगत होते. त्या दिवशी मामा शांतपणे मागे वळून म्हणाले, "उतरा समदे."

डेप्युटी मॅनेजरपासून ट्रेनीपर्यंत सगळ्यांनी धक्का मारला. मागच्या गाड्यांचे हॉर्न वेगळेच. बस सुरू झाल्यावर सातपुतेनं धापा टाकत विचारलं की मग बॅटरीत जिंकलं कोण. मामा म्हणाले, "धक्का मारनारे."

*

आता गितेभाऊंचं सांगायला हवं. या सगळ्या वादात ते एका कडेला बसून ऐकायचे. सातपुते वजन सांगायचा, प्राची प्रोसेसर सांगायची. दोघांचं संपलं, की गितेभाऊ दर वेळी एकच प्रश्न विचारायचे.

"ते ऱ्हाऊ द्या. दोघायला संगं खेळता येतंय का?"

पहिल्यांदा आम्हाला वाटलं, मुलीला मैत्रिणीबरोबर खेळायचं असेल. तसं नव्हतं. गितेभाऊ चार वर्षं चाकणला कॉट बेसिसवर, म्हणजे चारचौघांच्या खोलीत एक खाट भाड्यानं घेऊन राहिले. बायको आणि मुलगी गावाकडे. भाऊ दिवाळीला जायचे, उन्हाळ्यात जायचे, चार दिवस राहून परत यायचे. गेल्या जूनमध्ये रहाटणीला फ्लॅट भाड्यानं घेतला आणि दोघींना आणलं. आरोही तेव्हा दहा वर्षांची. पोरगी गुणी, शाळेत हुशार. बाप कामावरून आला की पाण्याचा तांब्या आणून द्यायची आणि आतल्या खोलीत निघून जायची. "पाव्हन्याला देतेत तसं," गितेभाऊ म्हणाले. ते हसत होते, पण आम्हाला कुणाला हसू आलं नाही.

त्यात आमची सुट्टी गुरुवारची आणि शाळेची रविवारची. गुरुवारी भाऊ घरात बसून तिच्या रिकाम्या टेबलाकडे बघायचे आणि रविवारी ती घरात असताना हे इथं कंपनीत मशीनचे बेल्ट बदलत. कोणता खेळ पाहिजे म्हणून तिला विचारलं, तर ती म्हणाली, "कोनता बी चालंल." पाहुण्याला आपण चहा की कॉफी म्हणून विचारलं, की तो म्हणतो ना, काहीही चालेल, तसं.

म्हणून त्यांना चुकीचा घ्यायचा नव्हता. एकदाच घ्यायचा आणि तिला आवडेल असाच घ्यायचा.

सातपुतेनं पोपटाची लाल आणि निळी बाजू सटकन काढून एक भाऊंच्या हातात दिली. म्हणाला, दोघांना येतं. प्राची लगेच म्हणाली की माझ्यालाही वेगळे हँडल जोडता येतात. पण तिच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

*

तरी दोन्ही पक्षांनी भाऊंना सोडलं नाही. जाताना सातपुते त्यांना पोपटावर शिकवायचा, येताना प्राची रेड्यावर. सुरुवातीला तर भाऊ गेममधल्या माणसाला उडी मारायला लावताना स्वतः सीटवरून अर्धा फूट उठायचे. गाडीच्या शर्यतीत वळण आलं की ते माझ्या अंगावर रेलायचे. माझा डबा एकदा त्यांनी अशाच एका वळणावर सांडला.

मग खंडेनवमी आली. कंपनीत मशिनरीची पूजा, झेंडूच्या माळा, सगळ्या हत्यारांना हळद-कुंकू. सातपुतेनं भक्तिभावानं पोपटही पूजेत मांडला. गुरुजींनी चिमूटभर कुंकू नेमकं त्याच्या, गेममधला माणूस चालवायच्या दांडीच्या खाचेत सोडलं. दुसऱ्या दिवसापासून पोपटातला माणूस कुणी हात न लावता आपला आपण गोल गोल फिरायला लागला. सातपुतेच्या तोंडचं पाणी पळालं. प्राची म्हणाली, "असू द्या हो. प्रदक्षिणा घालतोय."

दुरुस्तीला पोपट भाऊंकडे गेला. त्यांनी तो उघडला, ब्रशनं झाडला, स्प्रे मारला, परत जोडला. आता दांडी नीट चालते का ते बघायला खेळून बघणं आलं. गुरुवारची सुट्टी, पोरगी शाळेत. शुक्रवारी सकाळी बसमध्ये येऊन भाऊ जरा ओशाळून म्हणाले, दांडी बरोबर हाय, गेम बी संपला.

सातपुतेला तो गेम चार महिने संपला नव्हता.

तिथून पुढे आमच्या बसमध्ये गितेभाऊंना हरवणारा माणूस राहिला नाही. उड्यांच्या गेममध्ये सातपुते हरायचा, शर्यतीत प्राची. उड्यांचा तो गेम भाऊंनी नंतर पुन्हा एकदा संपवला, निव्वळ हौसेखातर. दोघंही त्यांना आपापला चेला म्हणायचे आणि रोज त्यांच्याकडून मार खायचे. पण विकत कोणता घ्यायचा, ते काही भाऊ ठरवेनात. म्हणायचे, मला दोन्ही आवडतेत. मला आवडून काय करू?

*

शेवटी फॅमिली डे आला. वर्षातून एकदा घरच्यांना कंपनी दाखवतात, जेवण देतात. आमच्या बसमध्ये त्या दिवशी बायकापोरं. मागच्या बाकड्याचा ठराव झाला की जिच्यासाठी घ्यायचा तीच सांगेल, आणि तिचा शब्द शेवटचा.

आरोही खिडकीशी बसली. दोन वेण्या, मांडीवर हात. तिच्या शेजारची जागा रिकामी आणि त्यापलीकडे गितेभाऊ. वहिनी पुढे प्राचीच्या आईबरोबर बसल्या होत्या.

आधी रेडा तिच्या हातात गेला. प्राचीनं शर्यत लावून दिली आणि बटणं समजावायला लागली. तिचं समजावून होईपर्यंत पोरगी दोन फेऱ्या पुढे होती. हल्लीच्या पोरांना शिकवावं लागत नाही. तळवड्याचा सिग्नल सुटायच्या आत तिनं प्राचीचा रेकॉर्ड मोडला. मग पोपट. लाल बाजू आरोहीकडे, निळी सातपुतेकडे, उड्यांचा गेम. सातपुते तीनदा खड्ड्यात पडला. चौथ्यांदा तिनं त्याला थांबून वाट दाखवली, तरी पडला.

सातपुतेनं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, बरं, आता सांग बाळा, दोन्हींत चांगलं कोणतं?

आरोहीनं नीट विचार केला. "दोन्ही चांगले हायत," ती म्हणाली. "तुमालाच खेळता येत न्हाई."

सगळी बस हसली. काळोखेमामा तर इतके हसले, की त्यांनी एक स्पीड ब्रेकर तसाच उडवला. प्राचीनं रेडा गुपचूप बॅगेत घातला.

हसणं ओसरल्यावर आरोही बापाकडे वळली. बसमध्ये चढल्यापासून त्यांच्याकडे ती असं सरळ पहिल्यांदाच बघत होती.

"पप्पा, तुमाला येतंय का हे?"

सातपुतेनं सांगायला तोंड उघडलं. प्राचीनं त्याच्या पायावर पाय दिला.

"न्हाई माय," गितेभाऊ म्हणाले. "मला कुठलं येतंय?"

आरोही सरकून मधल्या रिकाम्या जागेवर आली. सातपुतेच्या हातातली निळी बाजू काढून घेऊन तिनं ती बापाच्या हातात ठेवली आणि त्यांची बोटं एकेक करून बटणांवर बसवायला लागली. गितेभाऊंनी ती बाजू उलटी धरली, डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ निरखली आणि विचारलं,

"उडी मारायचं बटन कोनतं म्हनलीस?"