वाढत्या अंगाची मोटारसायकल

माझ्या भाचीच्या हनुवटीला तीन टाके पडले. घातले डॉक्टरांनी, पण करणी माझी.

सहावं वर्ष लागलं की मोटारसायकल, असं मी तिला मोठ्या तोंडानं कबूल करून बसलो होतो. आणि आमच्या घरात मुलांचं काहीही घ्यायचं ते वाढत्या अंगाचं. बूट असोत, स्वेटर असो, पुढची तीन वर्षं निघाली पाहिजेत. त्याच शहाणपणानं मी दहा वर्षांच्या मुलांसाठीची, पेट्रोलवर चालणारी लालभडक गाडी घेऊन आलो. हेल्मेटसुद्धा वाढत्या अंगाचंच. ते घातल्यावर भाचीची हनुवटी तेवढी बाहेर राहत होती. तिला घरात सगळे भिंगरी म्हणतात. मैदानावर नेऊन मी तिला उचलून गाडीवर ठेवलं. दहाबारा पावलं गाडी शहाण्यासारखी गेली. मग मी "थांब, थांब!" म्हणून ओरडलो, आणि ती थांबायच्या ऐवजी सुसाट सुटून कुंपणात घुसली.

"झालं कसं?" ताईनं विचारलं.

"मी थांब म्हटलं, तर हिनं उलट ॲक्सिलरेटर पिळला."

यात खोटं काहीच नव्हतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ताईनं निकाल देऊन टाकला, "पोरीच्या हातात धीर नाही. गाडी विकून टाक आणि हा विषय पुन्हा घरात नको." भिंगरीनं भोकाड पसरलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती मुकाट्यानं गॅलरीत जाऊन बसली.

अशा रीतीनं आम्ही गाडी विकायला पानाबाईंकडे गेलो. या बाई लहान मुलांच्या मोटारसायकली दुरुस्त करतात, जुन्या घेतात, नव्यासारख्या करून विकतात. एप्रनच्या खिशातून दहा नंबरचा पाना सदा डोकावत असतो, म्हणून पानाबाई. वय पन्नासच्या पुढे, उंची बेतास बात, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्दाला पेट्रोल लागतं की काय असं वाटावं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला खिळ्यांवर ब्रेकच्या तारा, डब्यांतून स्क्रू, आणि खाली ओळीनं गुडघ्याएवढ्या गाड्या. मागे मोकळं अंगण, कडेनं जुने टायर रचलेले.

बाईंनी आमची गाडी पाहिली, भिंगरीला पाहिलं, मग मला.

"कोणी निवडली?"

"मी."

"तुमच्या मापाची आहे."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्या भिंगरीसमोर उकिडव्या बसल्या. "तुला का नको झाली गं?"

"मला हवीय. पण माझ्या हातात धीर नाही," भिंगरी म्हणाली. स्वतःचा रक्तगट सांगावा तसं.

बाईंच्या कपाळावर एक आठी पडली. त्यांनी त्या लाल गाडीचा प्लग काढला, ती सुरू होत नाही ना हे एकदा पाहिलं, आणि भिंगरीला वर बसवलं. तिचे पाय हवेत लोंबत होते. "धर. आता मी थांब म्हटलं की ब्रेक दाबायचा. थांब!"

भिंगरीनं उजव्या हाताची चिमुकली बोटं ब्रेकच्या दांडीकडे लांबवली. दांडी बोटाच्या टोकाला लागेना. तिनं मनगट खाली वळवून तळवा पुढे ढकलला, तेव्हा कुठे दोन बोटं पोचली. आणि मनगटाबरोबर त्याच हातातली ॲक्सिलरेटरची मूठ कर्रकन पूर्ण फिरली.

"पुन्हा. थांब!"

पुन्हा तेच.

"दिसलं?" बाईंनी मला विचारलं. दिसलं होतं. पोरगी ब्रेकच दाबत होती. त्या दिवशीही. मी नेहमीप्रमाणे दुसराच विषय काढला. "तुम्हाला हे कळलं कसं हो?"

बाई ओळीतली एक पिटुकली निळी गाडी ओढून काढत तुटक तुटक सांगत गेल्या. भावाच्या गॅरेजात वीस वर्षं मोठ्या गाड्या केल्या. पहिल्याच वर्षी तिथे सगळ्यांचं एकमत झालं होतं की बाईमाणसाला क्लच झेपत नाही. यांनी एका दुपारी क्लचची दांडी स्क्रूनं दीड आटे आत, बोटांजवळ घेतली. त्यानंतर झेपला. पुढे मोडलेल्या लहान गाड्या येऊ लागल्या तेव्हा बाप लोक सांगायचे, पोरगं दांडगं आहे. बाई पोराला विचारायच्या, हात दाखव.

"मग भाऊ काय म्हणाले?"

"कशाला?"

"त्या दीड आट्यांना."

"त्याला सांगितलंच नाही. म्हणत होता, हिला सवय झाली."

निळ्या गाडीवर भिंगरीचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले. बाईंनी ब्रेकची दांडी तिच्या बोटांजवळ आणली, मुठीखालचा एक बारीकसा स्क्रू पिळून ॲक्सिलरेटर थोडाच फिरेल असं केलं, आणि भिंतीवरचं एक बेताचं हेल्मेट तिच्या डोक्यात बसवलं. आता नुसतं बसून निघायचं. पण भिंगरी निघेना. मूठ धरून ती पुढच्या चाकाकडे टक लावून बसली.

"चाक पळून नाही जाणार," बाई म्हणाल्या. अंगणाच्या टोकाला जाऊन त्यांनी हात वर केला. "माझी बोटं मोजत ये. किती?"

"तीन."

"आता?"

"पाच... दोन... बाई, भराभर बदलू नका ना!"

तोवर ती अर्ध्या अंगणात पोचली होती, आणि हे तिला अजून कळलंच नव्हतं.

"थांब!"

निळी गाडी जागच्या जागी थांबली. भिंगरीनं आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मामा, मी थांबले! तू बघितलंस ना? नक्की बघितलंस ना?"

दुसऱ्या खेपेला ती निघाली तेव्हा माझं लक्ष गाडीवर नव्हतं. ताईच्या होकाराशिवाय निळी गाडी घरात येणार नव्हती, आणि ताईला सांगायचं माझ्याकडेच होतं. मी बाईंच्या शेजारी सरकलो. म्हटलं, एवढ्या पोरांच्या आयाबापांना यांनी तोंड दिलंय, एखादी युक्ती नक्की असेल.

"बाई, हिच्या आईला पटेल असं काय सांगू?"

"चूक तुमची होती, असं."