वेल कोणी बिघडवले?

थोरल्या जाऊबाईंना अख्खा गाव माघारी ‘दुर्बीण’ म्हणायचा. दूधवाल्याच्या हसण्यापासून नवऱ्याच्या खोकल्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत त्यांना काहीतरी काळंबेरं दिसायचं.

त्यामुळे भोपळ्याच्या वेलांची पानं आकसून चिंध्यांसारखी झाली आणि फळांवर गाठी उठल्या, तेव्हा त्यांनी थेट कुंपणापलीकडे बोट दाखवलं. पलीकडे धाकट्या जावेचं शेत, आणि वेल कसे हिरवेगार!

“तिनेच तणनाशक उडवलंय,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “वाटणीत विहीर आपल्याकडे आली, ते तिच्या पोटात दुखतंय.”

“अगं, पानांखाली माव्याचे किडे दिसताहेत. कुणाला तरी दाखवूया.”

नवऱ्याने कृषी अधिकाऱ्याला बोलावलं. त्याने एक पान उलटंसुलटं करून पाहिलं. “हा व्हायरस. मावा एका वेलावरून दुसऱ्यावर नेतो. याला औषध नाही. रोगट वेल उपटा, नाहीतर उरलेलंही हातचं जाईल. फळं आधीच कमी धरलीत, त्यात असली ओबडधोबड बाजारात कोण उचलणार?”

जाऊबाईंनी मान डोलावली. पण हाच माणूस येताना धाकटीकडे चहा पिऊन आला होता, हे त्यांनी खिडकीतून टिपलं होतं. “पढवून पाठवलाय,” म्हणत त्यांनी एकाही वेलाला हात लावू दिला नाही. उलट पहाऱ्यालाच बसल्या.

आणि एका सकाळी चोर सापडला! धाकटी चक्क त्यांच्या शेतात ओणवी होऊन वेल उपटत होती, पोत्यात कोंबत होती.

“सापडलीस!” जाऊबाई धावल्या.

धाकटी दचकली, पण पळाली नाही. “ताई, कडेचे रोगट वेल तेवढे काढतेय. माझ्याकडेही पानं पिवळी पडायला लागलीत.”

“मला विचारायला काय झालं होतं?”

“विचारलं असतं, तर उपटू दिले असते तुम्ही?”

जाऊबाईंनी पोतं हिसकावलं, आत चांगलं फळ दडवलंय का म्हणून तळापर्यंत चाचपलं. सगळी वेडीवाकडीच. मग बाह्या सरसावून स्वतःही वेल उपटायला वाकल्या.

जाऊबाईंचा विकण्याजोगा माल जेमतेम टोपलीभर निघाला. धाकटीचीही कडेची ओळ गेली, बाकीचं शेत मात्र वाचलं.

माफीबिफी काही झाली नाही. पुढच्या हंगामात बियाणं घ्यायला मात्र जाऊबाई धाकटीला घेऊन गेल्या आणि दुकानाच्या दारातच तिच्या कानाला लागल्या, “तू पाकिटं नीट बघ. मी दुकानदाराच्या तोंडाकडे बघते.”