रुईच्या पानावरचं बिऱ्हाड

आईला अबू धाबीत येऊन महिना झाला होता आणि तिचं एकच पालुपद चालू होतं, "या वाळूत काही उगवत नाही, मला घरी पाठव." घरी म्हणजे पुण्याला. बाबा गेल्यापासून तिथे ती एकटीच असते, म्हणून तिने आणखी राहावं यासाठी माझा सगळा आटापिटा. मॉल दाखवले, समुद्र दाखवला. बाई ढिम्म हलली नाही. परतीचं तिकीट पुढच्याच आठवड्याचं होतं. त्यात हनुमान जयंती तोंडावर आली आणि मारुतीला रुईच्या पानांचा हार हवा, यावरून तिने घर डोक्यावर घेतलं. फुलवाल्याकडे मोगरा होता, झेंडू होता. रुईचं नाव काढल्यावर तो नुसता हसला.

शनिवारी, ऊन तापायच्या आत, तिला आणि माझ्या लेकीला घेऊन मी वाळवंटातल्या राखीव कुरणात गेले. गवत पिवळं पडत चाललं होतं, पण मधूनमधून बारकी जांभळी फुलं अजून तग धरून होती. वाटेवर तुरेवाला चंडोल तुरुतुरु पळत होता. लांब एका झाडाखाली हरणं उभी होती. आईने झाड निरखलं.

"अगं, ही तर शमी! गणपतीला वाहतो ती."

इथे तिला घाफ म्हणतात, असं मी सांगितलं. ते तिने कानाआड केलं.

पुढच्या वळणावर रुई होती, फुलांनी लगडलेली. आई जवळजवळ धावलीच. काही तोडू नये ही फाटकावरची पाटी तिनेही वाचली होती, तरी तिने पिशवी उघडली.

"आजी, स्टॉप! यू कान्ट पिक एनीथिंग हिअर!" लेक ओरडली.

"देवासाठी चालतं गं."

मी आता चांगलीच भडकणार होते, पण आईचा हात पानावरच थबकला. पानाखाली काळे-पांढरे पट्टे आणि पिवळे ठिपके असलेला एक सुरवंट खुशाल कड कुरतडत होता.

"बघ कसा जेवतोय, पंक्तीला बसल्यासारखा!" तिने दुसरं पान उलटलं. तिथेही एक. "बिऱ्हाडच आहे की इथे." पिशवी मिटली.

"इट्स गोइंग टु बी अ बटरफ्लाय, आजी. अ‍ॅन ऑरेंज वन."

"कधी?"

"टू ऑर थ्री वीक्स, आय थिंक."

"यल्ला, निघूया, ऊन चढलं," मी म्हणाले. "आणि हाराचं काय?"

"मारुतीला सांगते मी. तो घेईल समजून."

खलिफा सिटीतलं आमचं घर येईपर्यंत आई रिकाम्या पिशवीची घडी घालत आणि उलगडत होती. हार हुकल्याचं तिला लागलंय, आता ही बॅग भरायला घेणार, म्हणून मीही हिरमुसले होते. मी गाडी लावली तरी ती उतरेना.

"ते तिकीट पुढे ढकलता येतं का गं? त्यांना पंख फुटलेले बघून जाईन म्हणते."

मला हसू आलं आणि रडूही आलं. तिचं मन बदलायच्या आत, गाडीत बसल्या बसल्याच मी फोन काढला.